सात नंबरची खोली आणि गव्हाणे नाना

चऱ्होलीतल्या त्या शुश्रूषागृहात अकरा खोल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक खोल्यांमधून ‘कोण आहे?’ असं विचारू शकणारं माणूस नव्हतं. तरीही गव्हाणे नाना प्रत्येक दारावर दोनदा टकटक करायचे, थोडं थांबायचे आणि ‘नाना आलाय बरं का’ म्हणून मगच आत पाऊल टाकायचे. हातात नळीतून द्यायच्या पेजेचं भांडं असो, धुतलेल्या चादरींचा गठ्ठा असो, दोन्ही हात भरलेले असले तर ते कोपरानं टकटक करायचे. दिवसातून तीस-चाळीस वेळा.

माझी त्यांची पहिली भेट याच कारणावरून झाली. मी फाइल घेऊन सात नंबरच्या खोलीचं दार ढकललं आणि सरळ आत गेले. खिडकीजवळ एक पन्नाशीचा, काटक, पांढरी खुरटी दाढी वाढलेला माणूस पलंग वर-खाली करायची मूठ फिरवत होता. त्यानं माझ्याकडे न बघता म्हटलं, “भाईर व्हा.”

मला वाटलं, रुग्णाचं काही चाललं असेल. मी बाहेर आले. तो मागोमाग दारात आला.

“आता टकटक करा. थांबा. मग या.”

“पण त्यांना ऐकू येत नाही ना?” मी म्हणाले. केस पेपरवर तसं लिहिलेलं होतं.

“तुमाला कुणी सांगितलं?”

 मजा म्हणजे, नेमकं हेच शिकण्यासाठी मला विद्यापीठानं तिथं पाठवलं होतं.

मी तेव्हा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या विद्यापीठात मुख्य विषयाच्या जोडीला एक मायनर घ्यावा लागे. सगळ्यांना फायनान्स हवा असे. माझा फॉर्म भरायला उशीर झाला आणि यादीत शेवटी उरलेला विषय माझ्या वाट्याला आला : मानवी जाणीव, आंतरविद्याशाखीय अभ्यास. वर्गात आम्ही नऊ जण. मित्र त्याला ‘बेशुद्धीचा मायनर’ म्हणत. सोमवारी तत्त्वज्ञान, मंगळवारी मेंदू, गुरुवारी मानसशास्त्र, शुक्रवारी यंत्राला जाणीव असू शकते का यावर भांडण. सोहोनी मॅडम हे सगळं एकट्या सांभाळायच्या. त्या मूळच्या मानसशास्त्राच्या. प्रयोगवहीबद्दल त्यांचा एकच नियम होता : दिसलं ते ओळीत लिहा, वाटलं ते समासात.

शेवटच्या सत्रात क्षेत्रकार्य होतं. मी थेरगावची. दोन बस बदलून चऱ्होलीला जायचे. आजूबाजूला नव्या इमारती उभ्या राहत होत्या, अजून रंग न लागलेल्या. मधूनच ज्वारीचा एखादा तुकडा, त्याच्या कडेला फ्लॅटच्या जाहिरातीचा फलक. शुश्रूषागृह अशाच एका चार मजली इमारतीत होतं. अपघातानंतर, ऑपरेशननंतर, पक्षाघातानंतर जे उठलेच नाहीत अशी माणसं तिथं ठेवलेली असत. ‘ठेवलेली’ हा शब्द मी एकदा नानांसमोर वापरला. “ठेवायला सामान हाय का?” एवढंच म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

नाना मूळचे परभणीकडचे. वीस वर्षं चाकणला एका लहानशा प्रेस शॉपमध्ये पत्रे ठोकत होते. एका दुपारी उजव्या हाताची शेवटची दोन बोटं प्रेसखाली गेली. त्यानंतर तिथलं काम सुटलं आणि गाववाल्याच्या ओळखीनं ते इथं वॉर्डबॉय म्हणून लागले. दापोडीला रेल्वे लायनीच्या कडेला एका खोलीत एकटे राहायचे. बायको आणि म्हातारी आई गावाकडे. दिवाळीला जायचे तेवढंच.

ते प्रेमळ वगैरे नव्हते. तंबाखू सतत गालात. नव्या पोरांना ते चारचौघांत इतकं टाकून बोलत की दोन-तीन जण आठवड्यातच काम सोडून गेले. बाई रुग्णांची आंघोळ, कपडे हे मावशींचं काम. बाकी भरवणं, कूस बदलणं, हातपाय हलवणं नानांकडे. पण आंघोळ संपेपर्यंत ते दाराबाहेर उभे राहत आणि आतून बादली आपटल्याचा आवाज आला तरी ओरडत, “हळू. भांडं न्हाई ते.” मावशींना ते नकोसे झाले होते. शीतल सिस्टर म्हणायच्या, “नाना, तुम्हाला वाटतं सगळे पेशंट तुमच्या घरचेच आहेत.”

“घरचं मानूस असतं तर मी एवढं केलं नसतं,” नाना म्हणाले. हे त्यांनी विनोदानं म्हटलं नव्हतं.

सात नंबरमध्ये होती वैशाली. वय अठ्ठावीस. बाळंतपणात रक्तस्राव होऊन मेंदूला काही मिनिटं रक्त कमी पडलं. मुलगी वाचली, ती धडधाकट होती, आर्या तिचं नाव, साडेतीन वर्षांची. वैशाली मात्र तेव्हापासून अशीच. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. गळ्यात नळी, नाकात नळी. नवरा संतोष चाकणला एका कंपनीत असेंब्ली लाइनवर होता. दर रविवारी मुलीला घेऊन यायचा. सेकंड शिफ्ट असली तर गुरुवारी सकाळीही.

तिसऱ्या आठवड्यात नानांनी मला जिन्यात गाठलं. “ताई, तुमी ते वहीत लिव्हता ना? एक लिव्हा. सात नंबर ऐकायलीय.”

“कशावरून?”

“लेकराचे बूट.”

आर्याच्या बुटांच्या तळाला शिट्टी होती. लहान मुलांचे असतात तसे, पाऊल टाकलं की चुई आवाज करणारे. नानांचं म्हणणं असं, की रविवारी जिन्यात तो आवाज सुरू झाला की वैशालीची नजर दाराकडे वळते. दुसऱ्या कशाला वळत नाही. त्यांनी हे आठवड्याला एकदा तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना दोनदा सांगितलं होतं. डॉक्टर वाईट नव्हते, घाईत असत. “रिफ्लेक्स आहे नाना,” म्हणून पुढच्या खोलीत गेले.

“त्येंचं बी खरं असंल,” नाना मला म्हणाले. मग उजवा हात पुढे केला. “ही दोन बोटं न्हाईत ना? पाऊस-थंडीत त्यांना खाज येते. खाजवाया जातो तं हाताला काई लागत न्हाई. जे न्हाई ते मला कळायलंय. तर जे हाय ते दुसऱ्याला दिसंना, आसं बी आसू शकतंय की.”

मी हे मॅडमना सांगितलं. त्यांनी नानांना वर्गावर बोलवायचं ठरवलं, पण आधी मला म्हणाल्या, “त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस आणि अविश्वासही दाखवू नकोस. तपास.” तपासायचं कसं हेही त्यांनीच सांगितलं. आर्याच्या जुन्या बुटांचा जोड आणला. तसंच, पण वेगळ्या पट्टीत वाजणारं एक रबरी खेळणं घेतलं. मी पडद्यामागे उभी राहायची, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. कधी बूट, कधी खेळणं, कधी काहीच नाही. क्रम आधी चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. नाना खोलीबाहेर, म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावरून तिला काही कळू नये आणि सिस्टरांनाही. शीतल सिस्टर फक्त डोळ्यांकडे बघून नोंद करायच्या. कुठला आवाज कुठून येणार हे त्यांना माहीत नसे.

पंधरा दिवस आम्ही हे केलं. बुटाचा आवाज जिकडून यायचा तिकडे तिचे डोळे जायचे. दर वेळी नाही. थकलेली असली की मुळीच नाही. पण इतक्या वेळा गेले की शीतल सिस्टरांनी एका दुपारी नोंदवही मिटली आणि त्या बाहेर जाऊन तोंड धुऊन आल्या. तीन वर्षं त्या तिचा बीपी बघत होत्या.

याच दिवसांत नाना वर्गावर येऊन गेले. फार बोलले नाहीत. एका मुलानं विचारलं, “काका, पण आत कोणी आहे हे तुम्हाला नक्की कसं कळतं?” नाना म्हणाले, “न्हाई कळत. कळलं आसतं तर लई सोपं झालं आसतं.” परतताना बसस्टॉपवर मी त्यांना विचारलं, की मग तुम्ही ही टकटक कधीपासून करता. ते बराच वेळ बस येते का बघत राहिले. मग सांगितलं.

कामाला लागले त्या पहिल्याच वर्षी एक निवृत्त मास्तर होते. मेंदूचा झटका येऊन पडलेले. हूं की चूं नाही. एका सकाळी तिसऱ्यांदा चादर खराब झाली. “मी वाकलो आन् त्येंच्या कानात मनलं, मर की आता. कुनाची वाट बघायलास.” नानांनी तंबाखू थुंकली. “त्येंच्या डोळ्यातून पानी आलं. एकाच. दोन दिसानं गेले. डॉक्टर मनले, डोळा कोरडा पडला की येतं पानी. आसंल. डॉक्टरला जास्त कळतंय. पन मी मनलेलं कुटं गेलं, ते कुनी सांगंना मला.”

बस आली. ते चढले. मी त्या दिवशी वहीच्या ओळीत काही लिहिलं नाही, समास मात्र भरून गेला.

मॅडमच्या ओळखीनं पुण्याहून मेंदूविकाराच्या एक डॉक्टर बाई आल्या. त्या तासभर वैशालीपाशी बसल्या. आरसा तिच्या चेहऱ्यासमोर धरून हळूहळू सरकवला. तिचे डोळे आरशाच्या मागोमाग सरकले. मग त्यांनी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, “वैशाली, मी हात लावला की वर बघ.” पहिल्यांदा काही झालं नाही. पुन्हा सांगितलं. खूप वेळानं तिची बुबुळं वर गेली आणि परत खाली आली. असं चार-पाच वेळा. त्यांनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं, “ही ऐकतेय. समजतंयही तिला, निदान अधूनमधून.”

त्यांनी विचारलं, “हे आधी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं?”

खोलीत आठवड्याला येणारे डॉक्टरही होते. नाना फरशीकडे बघत म्हणाले, “न्हाई बाई. आत्ताच आलं.”

ठरलं असं, की वर बघणं म्हणजे हो आणि डोळे मिटून धरणं म्हणजे नाही. नाना तिला साधं साधं विचारू लागले. पंखा लावू का. या कुशीवर दुखतंय का. रेडिओ बंद करू का. तिचं उत्तर यायला कधी कधी मिनिट जायचं. नाना पलंगाशी उभे राहून थांबायचे. मी त्यांना एरवी कशासाठीही इतकं थांबताना पाहिलं नव्हतं. चहासुद्धा ते उभ्यानं, एका घोटात संपवायचे. एका दुपारी त्यांनी मला बोलावून सांगितलं, “ताई, तिला पडदा उघडा लागतो. तीन वर्सं आपन बंद ठेवायलो होतो. ऊन नगं लागाय म्हनून.”

मला आनंद झाला होता. माझ्या अहवालाला आता आकार येत होता. मला वाटलं, संतोषलाही आनंद होईल.

रविवारी डॉक्टर बाईंनी त्याला फोनवर सगळं समजावलं. शीतल सिस्टरनी त्याच्यासमोर वैशालीला वर बघायला सांगितलं आणि तिनं बघितलं.  आर्याला सिस्टरकडे सोपवून संतोष बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. मी पाणी घेऊन गेले.

“कधीपासून कळतंय तिला?” त्यानं विचारलं.

“नक्की सांगता येत नाही म्हणाल्या डॉक्टर.”

“म्हणजे पहिल्यापासूनही असू शकेल?”

“असू शकेल.”

तो पाण्याचा ग्लास हातात धरून बसला. मग म्हणाला, “माझी आई, माझा भाऊ, आम्ही त्याच खोलीत बसून बोललोय. सगळं बोललोय. ती सुटली तर बरं, असं मी स्वतः बोललोय, तिच्या उशाशी बसून. दोन वर्षांपूर्वी.” त्याचा आवाज चढला नाही. “ताई, तुमचा प्रोजेक्ट झाला. मी आता कुठल्या तोंडानं आत जाऊ?”

पुढचे तीन रविवार तो आला नाही. नाना त्याला रोज फोन लावायचे. तो उचलायचा नाही. सात नंबरमध्ये नाना टकटक करून शिरले की वैशालीची नजर आधी त्यांच्या मागे, दाराकडे जायची. “येतोय तो, कंपनीत काम लई हाय,” नाना तिला सांगायचे. मला बाहेर म्हणाले, “खोटं बोलायलो. आता तिला कळतंय म्हनून खोटं बोलावं लागायलंय. पयले न्हवतं लागत.”

एका गुरुवारी सकाळी संतोष एकटाच आला. मी आणि नाना खोलीत होतो. तो वैशालीजवळ गेला, तिचा हात हातात घेतला. त्याला काय विचारायचं आहे हे नानांनी त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं असावं.

“दादा, हे नगं इचारू,” नाना म्हणाले.

“मग कुणाला विचारू?” संतोष म्हणाला. “ती आहे, हे तुम्हीच सांगितलंत ना? आहे, तर तिलाच विचारणार.”

  त्याचं म्हणणं चूक आहे असं आजही मला म्हणता येत नाही.

“वैशाली,” तो म्हणाला, “घरचे दुसरं लग्न कर म्हणतायत. आर्यासाठी. आई आता थकली. करू का?”

नाना भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खिडकीतून कुठल्या तरी बांधकामावरच्या मिक्सरचा आवाज येत होता. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, पण घड्याळ बघून मी वेळ लिहिली आहे, ती वही माझ्याकडे आहे. वैशालीनं वर बघितलं.

“नीट ऐकलंस ना?” त्यानं विचारलं.

तिनं पुन्हा वर बघितलं. या वेळी लगेच.

तो तिच्या हातावर कपाळ टेकून थोडा वेळ बसला. मग “बरं” म्हणाला, उठला, तिच्या पांघरुणाची कड सारखी केली आणि गेला. त्याला सेकंड शिफ्ट होती, कंपनीची बस पकडायची होती. मी नोंद केली : प्रतिसाद स्पष्ट, दोनदा. समासात काही लिहिलं नाही.

त्यानंतर वैशालीनं कुणालाच उत्तर दिलं नाही.

डॉक्टर म्हणाले, असं होतं, जाणीव कमीजास्त होत राहते, एखादा संसर्गही असेल. तपासण्या केल्या. काही सापडलं नाही. पंखा लावू का म्हटलं तर डोळे जिथे आहेत तिथेच. आरसा सरकवला तर नजर आरशाच्या जुन्या जागेवर. रविवारी आर्या जिन्यातून चुई चुई करत वर आली, पलंगापाशी येऊन उभी राहिली, तरी तिची नजर छताकडेच. नाना दिवसभराचं काम संपलं की घरी न जाता एक स्टूल घेऊन तिच्याजवळ बसायला लागले. काही बोलायचे नाहीत, विचारायचे तर नाहीच. मी एकदा म्हणाले, “नाना, प्रयत्न तरी करू. विचारून बघा ना.”

“लई इचारून झालं ताई,” ते म्हणाले. “ती आत होती. गुमान होती. मी हाका मारमारू भाईर बोलावली, आन् भाईर आल्यावर तिला हे ऐकवलं. आता ती नगं म्हनायलीय. तेवढं तरी ऐकू तिचं.”

मी त्यांना म्हणाले, की तुम्ही नसतं शोधलं तर ती तशीच, कुणाला न कळता पडून राहिली असती. ते म्हणाले, “हाव. ते बी खरं.” दोन्ही खरं असण्याचा त्रास त्यांच्या तोंडावर दिसत होता. त्या महिन्यात ते एकदम म्हातारे झाले.

एप्रिलमध्ये विद्यापीठात मायनरच्या प्रकल्पांचं प्रदर्शन होतं. माझा फलक मधोमध लावला होता. आलेख, नोंदींचे तक्ते आणि वर वैशालीच्या डोळ्यांचा मोठा फोटो. चेहरा दिसू नये म्हणून फक्त डोळेच कापून घेतलेले. खाली आभारात नानांचं नाव. परीक्षक दुपारी येणार होते. मी नानांना हौसेनं बोलावलं होतं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, तंबाखू न खाता आले.

त्यांनी फलक पूर्ण वाचला. त्यांना वाचायला वेळ लागायचा. ओठ हलवत, बोट ओळीखाली फिरवत ते वाचायचे. मी बाजूला उभी राहून त्यांच्या कौतुकाची वाट बघत होते. शेवटी त्यांचं बोट फोटोपाशी आलं आणि थांबलं.

“तिला इचारलं होतं का?” त्यांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही. “संमतीपत्र आहे ना नाना. संतोषदादांची सही आहे.”

“तेला न्हाई. तिला.”

सोहोनी मॅडम मागेच उभ्या होत्या.  ती ऐकते, तिला समजतं, ती हो आणि नाही सांगू शकते, हे सिद्ध करणारा तो फलक होता. जवळजवळ महिनाभर ती उत्तरं देत होती. पंखा, रेडिओ, पडदा, कूस, सगळं आम्ही तिला विचारलं होतं. तुझ्याबद्दल लिहू का, तुझा फोटो लावू का, हे नऊ विद्यार्थी, एक प्राध्यापिका आणि दोन डॉक्टर यांपैकी कुणालाही सुचलं नव्हतं.

“मी बी न्हाई इचारलं,” नाना म्हणाले. “मला कुटं म्हाईत तुमी फोटू लावनार.” आणि जिना उतरून निघून गेले.

मॅडमनी एक-एक टाचणी काढली आणि फलक गुंडाळून माझ्या हातात दिला. परीक्षकांना त्यांनी सांगितलं, हा प्रकल्प अपूर्ण आहे. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला नानांचा राग आला. चार महिने मी दोन बस बदलून जात होते. बक्षीस मलाच मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरी जाऊन मी रडले, ते वैशालीसाठी नव्हतं.

राग ओसरायला शनिवार-रविवार गेला. सोमवारी मी चऱ्होलीला गेले. ती उत्तर देवो न देवो, तिला विचारायचं, आणि उत्तर आलं नाही तर ते नाही असं धरायचं, असं मी बसमध्ये ठरवलं होतं. सात नंबरचा पलंग रिकामा होता. गादी उन्हात उभी केलेली. छातीत कफ साठून ताप चढला म्हणून तिला शनिवारी हॉस्पिटलमध्ये हलवलं होतं. तिथं घरच्यांशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. बुधवारी ती गेली.

संतोषनं पुढे लग्न केलं. आर्या आता शाळेत जाते. मला त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. तेराव्याला नाना गेले होते, त्यांना त्यानं वैशालीचा आरसा दिला, डॉक्टर बाईंनी वापरलेला, तो मुळात तिच्याच पिशवीतला होता. नानांनी तो घेतला नाही.

त्यानंतर नानांनी ते काम सोडलं. मला ते परत भेटले दोन वर्षांनी, डांगे चौकातल्या भाजी बाजारात. थेरगावच्याच एका सोसायटीत वॉचमन होते. दिवसपाळी. गेटवर बसायचं, गाड्यांचे नंबर लिहायचे. “बरं हाय,” म्हणाले. “हितं समदे बोलतेत. लईच बोलतेत.” त्यांच्या हातात मेथीची एक जुडी होती. आम्ही रसवंतीवर बसलो. मी नोकरीला लागले होते. मॅडमनी क्षेत्रकार्याच्या अर्जात पहिल्याच पानावर, रुग्णाला स्वतःला कसं आणि किती वेळा विचारलं, हे लिहायचा रकाना टाकला आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. चांगलं झालं असंही म्हणाले नाहीत.

निघताना मी विचारलं, “नाना, तुमच्याबद्दल मी लिहू का कधी?”

त्यांनी रसाचा ग्लास खाली ठेवला आणि खरंच विचार केला. मला वाटलं, ते हसून वेळ मारून नेतील. पण त्यांनी खूप वेळ घेतला.

“लिव्हा,” ते म्हणाले. “मी गेल्यावर. आन् मास्तरचं बी लिव्हा, ते गाळू नका.”

“आणि वैशालीचं?”

“ते मला नका इचारू,” ते म्हणाले आणि मेथीची जुडी उचलून रस्ता ओलांडून गेले.

गेल्या थंडीत शीतल सिस्टरांचा फोन आला, की नाना गेले. दापोडीच्या खोलीतच. हृदयविकाराचा झटका होता. गावाहून भाऊ येऊन त्यांना घेऊन गेला.

म्हणून हे आता लिहिलं. मास्तरांचं गाळलं नाही. वैशालीचं नाव वैशाली नव्हतं, तिच्या मुलीचं आर्या नव्हतं. नवऱ्याचं नाव, खोलीचा नंबर, तिच्याबद्दल ओळख पटेल असं जे जे होतं ते मी बदललं आहे. तिला विचारलेलं नाही.